शहरबानू: इमाम जैनुल आबिदीन यांच्या आई खरंच इराणच्या राजकन्या होत्या का?

भटक्या_इतिहासवाला

मोहरम आला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. इराणचा शेवटचा सासानी बादशहा तिसरा यज्दगर्द, त्याची मुलगी शहरबानू, अरबांनी इराण जिंकल्यावर तिला मदिनेत खलिफा उमर यांच्यासमोर उभं केलं, हजरत अली मध्ये पडले, म्हणाले तिला स्वतःलाच नवरा निवडू द्या, तिने अलींचे पुत्र आणि प्रेषितांचे नातू इमाम हुसेन यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यांचा मुलगा म्हणजे चौथे इमाम अली इब्न हुसेन, ज्यांना जैनुल आबिदीन किंवा सज्जाद म्हणतात. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "म्हणूनच इराणी लोक शिया झाले".

माझं मत सरळ सांगतो. इमाम खरे, त्यांचं आयुष्य खरं, पण आई राजकन्या होती हे नंतर चिकटवलेलं आहे. सगळ्यात जुन्या चरित्रकारांपैकी इब्न साद (८४५ मध्ये वारला) आईचं नाव गजाला देतो आणि ती उम्म वलद होती म्हणतो, म्हणजे मालकापासून मूल झालेली दासी. यज्दगर्दचं नावसुद्धा नाही. उलट तो सांगतो की हुसेन गेल्यावर तिचं लग्न झुबैद नावाच्या हुसेन यांच्याच मुक्त केलेल्या गुलामाशी झालं आणि तिला अब्दुल्ला नावाचा मुलगा झाला. साम्राज्याची राजकन्या असती तर एवढी मोठी गोष्ट लिहायला हा माणूस विसरला असता का?

दुसरं म्हणजे वयाचं गणित. यज्दगर्द ६३२ साली गादीवर बसला तेव्हा तो ८ वर्षांचा होता असं काही जण म्हणतात, काही १५-१६, जास्तीत जास्त २१. राजधानी मदाइन पडली ६३७ ला, उमर यांचा खून झाला ६४४ ला. ८ वर्षांचा धरला तर ६४४ ला तो स्वतःच विशीत, त्याची लग्नाची मुलगी आणायची कुठून? १६ चा धरला तरी मुलगी जेमतेम ८-९ वर्षांची होते. आणि इमामांचा जन्म साधारण ६५८-५९ चा, म्हणजे लग्न आणि बाळ यात १५ वर्षांचं अंतर, ते कुणी समजावून सांगत नाही.

पुराव्यावर बोलूया, श्रद्धेवर नको.

इमामवाडा_गल्ली

भाऊ पुराव्यावर बोलायचं तर पूर्ण बोला ना, अर्धं नको. मी डोंगरीत वाढले, लहानपणापासून मजलिसमध्ये (मोहरमच्या शोकसभेत) बीबी शहरबानूचा जिक्र ऐकत आले, पण मजलिसमध्ये ऐकलं म्हणून खरं असं मी म्हणणार नाही, मी पण वाचलंय.

पहिली गोष्ट, तुम्ही उमर यांच्या काळातली गोष्ट घेऊन तीच पाडली. ती शिया विद्वान कुलैनीची आहे (९४१ ला वारले). पण शिया परंपरेत ती एकटी नाही. शेख सदूक यांच्याकडे हेच उस्मान यांच्या काळात घडतं, अब्दुल्ला इब्न आमिरने खुरासान जिंकलं तेव्हा दोन बहिणी हाती लागल्या, एक हुसेन यांचे भाऊ हसन यांना आणि एक हुसेन यांना. आणि शेख मुफीद यांच्याकडे हजरत अलींच्या स्वतःच्या खिलाफतीत, ६५६ ते ६६१, पूर्वेकडच्या हुरैस इब्न जाबिर नावाच्या अंमलदाराने यज्दगर्दच्या दोन मुली पाठवल्या, एक हुसेन यांना, दुसरी मोहम्मद इब्न अबू बक्र यांना. आता लावा गणित. यज्दगर्द मर्वजवळ मारला गेला ६५१ ला. तेव्हा १०-१२ वर्षांची असलेली मुलगी ६५८ ला १७-१९ ची होते. बसतं की नाही?

दुसरी गोष्ट, दासी आणि राजकन्या ही दोन वेगळी माणसं असायलाच हवीत हे कुणी सांगितलं? लढाईत पकडलेली बाई मग ती बादशहाची मुलगी असो नाहीतर न्हाव्याची, त्या काळच्या कायद्याने दासीच. इब्न सादने कायदा लिहिला, घराणं नाही लिहिलं.

आणि याकूबी? तो पण त्याच नवव्या शतकातला, आणि तो स्वच्छ लिहितो की आई यज्दगर्दची मुलगी, हुसेन यांनी तिचं नाव गजाला ठेवलं. म्हणजे गजाला हे नाव तुमच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही.

मिरजकर_सय्यद

आमच्या घरी शजरा (वंशावळ) आहे, हुसेनी सय्यद, आणि जगातला कुठलाही हुसेनी सय्यद घ्या त्याची वंशावळ याच एका माणसातून जाते कारण करबलाला, जिथे उमय्या खलिफा यझीदच्या सैन्याने इमाम हुसेन यांना मारलं, त्यांच्या मुलांपैकी वाचले ते हेच. १० मोहरम ६१ हिजरी, म्हणजे १० ऑक्टोबर ६८०. तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते, आजारी, तंबूत पडून होते, शत्रूकडचा शिम्र मारायला आला होता तर लोकांनी अडवलं. त्यांचा मुलगा मोहम्मद बाकिर तीन-चार वर्षांचा, तोही तिथेच. पुढे कूफ्यात यझीदचा अंमलदार इब्न झियादने मारायचा हुकूम दिला तेव्हा आत्या झैनब यांनी मिठी मारली आणि म्हणाल्या आधी मला मारा. एवढ्या बारीक धाग्यावर सगळा वंश लटकलेला होता.

सांगायचं कारण असं की आमच्यात वंश बापाकडून मोजतात. आईचं नाव शजऱ्यात असतंच असं नाही. त्यामुळे आई कोण यावरून एवढा वाद घालायचा मला तरी काही फायदा दिसत नाही. आणि ताई, आम्ही सुन्नी असूनही राजकन्येची गोष्ट आमच्या घरात सांगतात बरं का, ही फक्त शियांची नाही. जमख्शरी तर शिया नव्हता, तो तीन मुली सांगतो, एकीला हुसेन, एकीला अबू बक्र यांचा मुलगा मोहम्मद, एकीला उमर यांचा मुलगा अब्दुल्ला. तिघींची मुलं म्हणजे जैनुल आबिदीन, कासिम आणि सालिम, तिघे मावसभाऊ.

खडूस_मास्तर

सय्यदभाई, तुम्ही नकळत धागाकर्त्याच्या बाजूचा पुरावा दिलात.

हीच तीन नावं आणखी एका जुन्या आठवणीत येतात. मदिनेचे लोक दासींपासून मुलं होणं कमीपणाचं मानायचे, मग अली इब्न हुसेन, कासिम आणि सालिम ही तिघं मोठी झाली, ज्ञानात आणि धर्मात सगळ्या मदिनेच्या पुढे गेली, तेव्हा लोकांचं मत बदललं. म्हणजे मूळ गोष्ट काय होती? तीन दासीपुत्र, तिघेही थोर. नंतर कुणाला तरी ते सहन झालं नाही आणि त्याने तिघांच्याही आयांना एकाच फटक्यात राजकन्या करून टाकलं. बहिणी एक, दोन, तीन, प्रत्येक लेखकाकडे आकडा वेगळा. खलिफा उमर, उस्मान, अली, तोही वेगळा. नावं तर विचारूच नका, गजाला, सुलाफा, शहरबानू, शाहजनान, जहानशाह, हरार. साक्षीदार असे बोलायला लागले तर कुठलं कोर्ट ऐकेल?

आणि जुना इतिहासकार मसूदी यज्दगर्दच्या मुलामुलींची नावं देतो, मुलगे बहराम आणि फिरोज, मुली अद्रग, शाहीन, मर्दावंद. हुसेन यांच्या लग्नाचा तिथे मागमूस नाही. तबरी, बलाजुरी, इराणच्या लढायांचं सगळं बारीक सारीक लिहिणारे, कुठल्या सेनापतीला लुटीत काय मिळालं हे पण लिहितात, मदाइनचा तो प्रसिद्ध गालिचा कापून वाटला हे लिहितात, आणि बादशहाची मुलगी प्रेषितांच्या नातवाला दिली हे लिहायचं राहून जातं?

टोरांटोचा_तात्या

इथे एक मुद्दा राहिला. तिसरी बहीण मेहरबानू भारतात आली आणि तिचं चंद्रगुप्त राजाशी लग्न झालं, नाव चंद्रलेखा ठेवलं, आणि त्यामुळेच हुसेनी ब्राह्मण करबलाला मदतीला गेले. आपल्याकडे दत्त आडनावाचे लोक हे सांगतात. याबद्दल कुणी बोलत नाही.

खडूस_मास्तर

तात्या, चंद्रगुप्त मौर्य इसवी सनाच्या तीनशे वर्षं आधीचा. गुप्त घराण्यातला घ्यायचा म्हटलं तर पहिला चौथ्या शतकातला आणि दुसरा पाचव्याच्या सुरुवातीला संपला. यज्दगर्द सातव्या शतकातला. नवरदेव नेमका कुठला?

हुसेनी ब्राह्मणांची परंपरा आहे, ते लोक मोहरम मनापासून पाळतात, त्याबद्दल आदर आहे. पण ती राजकन्येच्या बाजूचा पुरावा म्हणून चालणार नाही.

शून्य_टक्के

मग भोसल्यांचं पण घ्या की. १६७४ ला राज्याभिषेकाच्या वेळी वंशावळ मेवाडच्या सिसोदियांशी जोडली, आणि अबुल फजल म्हणतो मेवाडचे राणे नौशेरवानचे वंशज, नौशेरवान म्हणजे यज्दगर्दच्या आजोबांचा आजोबा, म्हणजे आपण सगळे इमामांचे मामेभाऊ. संपला वाद. 😄

भटक्या_इतिहासवाला

अवांतर नको प्लीज, भोसले आले की धागा वेगळीकडेच जाईल आणि दोनशे प्रतिसादांत शहरबानूचं नाव सापडणार नाही. पण शून्य_टक्के यांनी गंमतीत खरं बोट ठेवलंय, सत्ता किंवा मान मिळाला की मागे मोठं कूळ शोधायची सवय सगळीकडेच आहे. सासानी कूळ तर त्या काळात फार भाव खाऊन होतं. उमय्या खलिफा तिसरा यझीद, ७४४ साली काही महिनेच गादीवर होता, त्याची आई फिरोजची मुलगी, म्हणजे यज्दगर्दची नात, असं सांगतात. तो उघड मिरवायचा की मी किसराचा (इराणच्या बादशहाचा) मुलगा, बाप मारवान, कैसर माझा आजोबा आणि खाकान माझा आजोबा. म्हणजे इराणी, अरब, रोमी, तुर्की, सगळे एका दमात.

आता विचार करा. उमय्या खलिफा हे मिरवतो. आणि ज्या उमय्यांनी हुसेन यांना मारलं त्यांच्या विरोधात उभे असलेले हुसेनचे वंशज, ज्यांच्याकडे फॉरवर्डप्रमाणे थेट यज्दगर्दची मुलगी आहे, ते गप्प बसतात? ७४० मध्ये इमामांचा मुलगा झैद खलिफा हिशामसमोर उभा होता, हिशामने टोमणा मारला की तू दासीचा मुलगा आणि खिलाफतीच्या गोष्टी करतोस. झैदने काय उत्तर दिलं? इस्माईल पण दासीचेच पुत्र होते, तरी अल्लाने त्यांना नबी केलं. माझी आजी किसराची मुलगी असं नाही म्हणाला.

इमामवाडा_गल्ली

अहो टोमणा आईवरून होता ना, आजीवरून नाही. झैद यांची आई सिंधची दासी होती, उमय्यांविरुद्ध उठलेल्या मुख्तारने इमामांना पाठवलेली. हिशाम म्हणतो तुझी आई दासी, तर त्याला "पण माझी आजी राजकन्या" असं उत्तर देणारा माणूस स्वतःच्या आईला खाली पाडतो. झैद यांनी इस्माईल यांचं नाव घेतलं हेच बरोबर केलं. यातून आजीबद्दल काहीच सिद्ध होत नाही, ना तुमच्या बाजूने ना माझ्या.

आणि कविता विसरलात. अबुल अस्वद दुअली, अलींचा साथीदार, बसऱ्याचा, अरबी व्याकरणाचा पाया घालणारा म्हणून ज्याचं नाव सगळे घेतात, त्याचा शेर आहे की किसरा आणि हाशिम (प्रेषितांचं कूळ) यांच्या मधला हा मुलगा, ज्यांच्या गळ्यात ताईत बांधले त्या सगळ्या बाळांमध्ये श्रेष्ठ. हा माणूस ६८८ च्या सुमाराला वारला. तुमच्या इब्न सादच्या दीडशे वर्षं आधी. आणि इमामांचा किताब काय तर इब्नुल खियरतैन, दोन निवडलेल्यांचा मुलगा, अरबांतून कुरैश आणि अजमांतून, म्हणजे बिगर-अरबांतून, फारस.

भटक्या_इतिहासवाला

झैदच्या उत्तरावरचं तुमचं म्हणणं तगडं आहे, आवडलं.

पण शेर अबुल अस्वदच्या नावावर कुलैनीच्या ग्रंथात येतो, "असं सांगतात" या शब्दांसकट, म्हणजे कवी गेल्यावर अडीचशे वर्षांनी. जुन्या कवींच्या नावावर नंतरच्या ओळी खपवणं हा अरबी साहित्यातला नेहमीचा प्रकार आहे, फरजदकची जी प्रसिद्ध कविता आहे ना, हिशाम राजपुत्र असताना हजला गेला, गर्दीत काळ्या दगडापर्यंत पोचता येईना, आणि इमाम आले तर लोकांनी आपोआप वाट दिली, हिशाम म्हणाला हा कोण, आणि फरजदकने तिथल्या तिथे "मक्केची जमीन याच्या पावलांना ओळखते" असं सुनावलं, त्या कवितेच्या सुद्धा काही ओळी त्याच्या नाहीतच असं अभ्यासक म्हणतात. प्रसंग सुंदर आहे, त्यात वादच नाही.

अनाहिता

मी इराणला जाऊन आलेय म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. तेहरानजवळ रेय आहे, तिथे डोंगरावर बीबी शहरबानूची दर्गा आहे. तिथली कथा ऐका: करबलानंतर शहरबानू हुसेन यांच्या झुलजनाह घोड्यावर बसून पळाल्या, शत्रू मागे, रेयला पोचेपर्यंत अगदी जवळ आले, तेव्हा देवाला "या हू" अशी हाक मारायची ती घाईत "या कूह" निघाली, कूह म्हणजे डोंगर, आणि डोंगर उघडला आणि त्या आत गेल्या, ओढणीचं टोक तेवढं बाहेर राहिलं.

आता शेख सदूक म्हणतात की त्या बाळंतपणातच गेल्या. जन्म ६५८ चा, करबला ६८० चं. मग घोड्यावर कोण होतं?

आणि सेम टू सेम गोष्ट यज्दजवळ झरथुष्ट्री लोकांकडे आहे. बानू पारस, पीर-ए-सब्ज, ही त्यांची डोंगरातली तीर्थं, तिथे पण यज्दगर्दची मुलगी, अरब सैन्य मागे, डोंगर उघडतो आणि मुलगी आत. मुंबईचे पारशी अजून जातात तिथे. मेरी बॉइस या संशोधिकेने १९६७ मध्ये यावर लिहिलं, तिचं म्हणणं की या जागा मुळात अनाहिता देवीच्या होत्या, पाण्याची देवी, तिला बानू म्हणायचे, आणि धर्म बदलला तशी देवीची राजकन्या झाली, एका ठिकाणी झरथुष्ट्री राजकन्या, एका ठिकाणी इमामांची आई. रेयच्या इमारतीचा जुना भाग पंधराव्या शतकाच्या आसपासचा आहे. आपल्याकडे गावदेवीच्या ठाण्यावर पीर बसतो किंवा उलट होतं, तसंच काहीसं.

म्हणून मला वाटतं "खोटं" म्हणणं पण चूक आहे. ती इराणच्या लोकांची आठवण आहे, हरलेल्या राज्याची. पारशांचं तर कॅलेंडरच यज्दगर्दच्या राज्यारोहणापासून, ६३२ पासून सुरू होतं. एवढा घट्ट धरून ठेवलेला राजा, त्याच्या मुलीला लोक असंच सोडून देतील का!

मिरजकर_सय्यद

अनाहिताताई, दर्गा वेगळी आणि आई वेगळी. रेयला कुणाची कबर आहे यावरून मदिनेत कोण होतं ते ठरत नाही. शियांचे स्वतःचे विद्वान रेयची गोष्ट मानत नाहीत, मुतह्हरी यांनी तर सगळ्याच शहरबानू प्रकरणावर शंका घेतली आहे.

आणि "म्हणूनच इराण शिया झाला" हे फॉरवर्डमधलं वाक्य तर कुणीही एकदम पुसून टाका. इराण १५०१ पर्यंत, शाह इस्माईल सफवी येईपर्यंत, बहुतांश सुन्नीच होता. कुम, काशान असे काही गाव सोडा. राजकन्येच्या प्रेमापोटी शिया व्हायचं तर साडेआठशे वर्षं कशाला थांबले?

खडूस_मास्तर

+१. ते वाक्य एकोणिसाव्या शतकातल्या युरोपियन लेखकांनी लोकप्रिय केलं. गोबिनो, ब्राऊन वगैरे. त्यांना सगळीकडे वंश आणि रक्त दिसायचं. आपण ते मराठीत भाषांतर करून मोहरमला वाटतो.

शून्य_टक्के

सिंध कुठे गेलं? कुणीतरी वर झैदच्या आईबद्दल लिहिलं. मी असं वाचलंय की जैनुल आबिदीन यांची स्वतःची आईच सिंधची होती.

भटक्या_इतिहासवाला

हो, इब्न कुतैबा (नववं शतक) "सिंधी होती असं म्हणतात" असं लिहितो, नाव सुलाफा किंवा गजाला. यावर कुणी फॉरवर्ड बनवत नाही कारण सिंधची अनाम बाई कुणालाच नको आहे. मी पण त्यावर पैज लावणार नाही, मुलाच्या आणि नातवाच्या आईची सरमिसळ झाली असेल, पण एक बघा, नवव्या शतकात बगदादमध्ये बसलेल्या शिकल्यासवरल्या माणसाला सुद्धा आई यज्दगर्दची मुलगी हे पक्कं ठाऊक नव्हतं.

आता माझा मुख्य पुरावा, जो मी मुद्दाम राखून ठेवला होता. ७६२ साल. हसन यांच्या घराण्यातला मोहम्मद, नफ्स जकिया म्हणून ओळखला जाणारा, मदिनेत अब्बासी खलिफा मन्सूरविरुद्ध उठला. दोघांची पत्रापत्री तबरीने दिली आहे. हा मोहम्मद मिरवतो की माझ्या रक्तात दासी नाहीत, माझी आई, आजी सगळ्या खानदानी. मन्सूरची स्वतःची आई बर्बर दासी, त्याला ते झोंबलं. तो उत्तर देतो की प्रेषित गेल्यानंतर तुमच्या घराण्यात अली इब्न हुसेनपेक्षा चांगला माणूस जन्मला नाही, आणि तो दासीचा मुलगा होता, आणि तुझ्या आजोबांपेक्षा चांगला होता.

इमाम वारले ७१२-१३ च्या सुमाराला. हे पत्र त्यानंतर पन्नासच वर्षांनी, सगळ्या मदिनेसमोर. "तो दासीचा" म्हटल्यावर कुणी उलटून म्हणालं नाही की अहो ती तर किसराची मुलगी.

इमामवाडा_गल्ली

मन्सूरला काय हवं होतं ते तुम्हीच लिहिलंत. त्याची आई दासी, त्याला दाखवायचं होतं की दासीचा मुलगा पण थोर असतो. तो "यज्दगर्दची मुलगी" म्हणाला असता तर त्याचा मुद्दाच मेला असता. वकील आपल्या अशिलाच्या सोयीचं तेवढंच बोलतो. आणि समोरचा हसन यांच्या घरातला, तो हुसेन यांच्या घराण्याची बाजू कशाला सावरेल, त्याला तर आपलंच घराणं वर दाखवायचं होतं.

पण मला हे पत्र माहीत नव्हतं असं नाही, आमच्यात पण सांगतात, वेगळ्या कारणासाठी. इमामांचा शत्रू सुद्धा त्यांना श्रेष्ठ म्हणून गेला म्हणून.

खडूस_मास्तर

ताई वकिलाचा मुद्दा ठीक, पण मग इमामांचं स्वतःचं पत्र? ते तर वकील नव्हते.

इमामांनी एका दासीला मुक्त करून तिच्याशी लग्न केलं, आणि आईचं लग्न मुक्त गुलामाशी लावून दिलं. खलिफा अब्दुल मलिकने डिवचलं, की कुरैशच्या एवढ्या मोठ्या माणसाने हे काय केलं. इमामांनी लिहिलं की प्रेषितांचंच उदाहरण आहे, त्यांनी सफियाला मुक्त करून लग्न केलं, आणि झैद इब्न हारिसाला मुक्त करून आपल्या आत्याच्या मुलीशी, झैनबशी, त्याचं लग्न लावलं. हे पण इब्न सादकडेच. सफिया स्वतः मोठ्या सरदाराची मुलगी होती, बंदी झालेली. आपली आई जर बंदी झालेली राजकन्या असती तर उदाहरण घरातच होतं की, तेच का नाही दिलं?

हा माणूस बघा. बापाला, भावांना डोळ्यांदेखत मारलेलं, साखळ्या घालून दमास्कसला नेलेलं, यझीदसमोर उभं केलेलं. मदिनेला परत आले. ६८३ ला मदिनेने यझीदविरुद्ध बंड केलं, हर्राची लढाई झाली, शहर लुटलं गेलं, त्यात हे पडले नाहीत, उलट मारवानच्या घरच्या बायकामुलांना आसरा दिला, म्हणजे ज्या उमय्यांनी घर संपवलं त्यांच्याच माणसांना. मग मुख्तार उठला, तो पण यांच्या नावाने नाही, काका मोहम्मद इब्न हनफियाच्या नावाने. उरलेलं आयुष्य प्रार्थनेत आणि गुलाम मुक्त करण्यात. सहीफा सज्जादिया या त्यांच्या दुआ आजही वाचतात, आणि हक्कांवरचं जे लिखाण त्यांच्या नावावर आहे त्यात गुलामाचा हक्क वेगळा सांगितलाय. या माणसाची आई दासी होती हे मला जास्त पटतं.

टोरांटोचा_तात्या

मास्तर पटतं म्हणजे पुरावा का? वर तर तुम्ही कोर्ट काढलं होतं.

इमामवाडा_गल्ली

तात्यांनी माझं वाक्य चोरलं. 😀

मास्तर, सफियाचंच उदाहरण घ्या, तिचं बंदी होणं आणि मोठ्या घरातली असणं दोन्ही एकत्र होतं ना? मग इमामांच्या आईबद्दल का नाही होऊ शकत?

आणि झुबैदशी लग्न झालं ती आई कोण? आमच्याकडे सांगतात की खऱ्या आई बाळंतपणात गेल्या, वाढवलं ती हुसेन यांच्या घरातली दुसरी दासी, तिलाच इमाम आई म्हणायचे आणि तिचंच लग्न लावून दिलं. ती प्रसिद्ध गोष्ट आहे, इमाम आईबरोबर एका ताटात जेवायचे नाहीत, का तर ज्याच्यावर तिची नजर पडली तो घास चुकून माझ्या हाताने उचलला जाईल. जन्मदात्री गेलेली असेल तर ही तीच, वाढवणारी. म्हणजे दासी पण खरी आणि राजकन्या पण.

भटक्या_इतिहासवाला

वाढवणाऱ्या आईने गोष्ट जुळते खरी, पण ती जुळवण्यासाठीच आल्यासारखी वाटते. इब्न साद एकच बाई सांगतो. शेकडो वर्षांनी दोन होतात, कारण राजकन्येचं लग्न गुलामाशी लावणं लोकांना जड जातं.

बरं एक सरळ प्रश्न, उत्तर द्यायचंच. एवढ्या आवृत्त्यांपैकी तुम्ही कुठली धरता? सगळ्या एकदम धरता येणार नाहीत.

इमामवाडा_गल्ली

मुफीद. अलींची खिलाफत, दोन बहिणी, नाव शाहजनान. उमर यांचा दरबार आणि डोक्यावर हात ठेवण्याचं मजलिसमध्ये ऐकायला गोड लागतं पण वयात बसत नाही, हे मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं. रेयचा डोंगर पण सोडला.

भटक्या_इतिहासवाला

मुफीद १०२२ ला वारले, म्हणजे घटनेनंतर साडेतीनशेपेक्षा जास्त वर्षं. हुरैस इब्न जाबिरने राजकन्या पाठवल्या हे लढायांच्या कुठल्या जुन्या इतिहासात दाखवा, मी धाग्याचं शीर्षक बदलतो.

इमामवाडा_गल्ली

आणि त्याने पाठवल्या नाहीत असं लिहिलेला एक जुना इतिहास तुम्ही दाखवा. लिहिलं नाही आणि झालं नाही यात फरक आहे हे मास्तरांना विचारा, ते शाळेत तेच शिकवत असतील.

खडूस_मास्तर

मी भूगोल शिकवतो.